फडकेबाई आणि भुरी

फडकेबाईंचं आडनाव फडके नव्हतं. खरं आडनाव त्यांच्या मुलाच्या दारावरच्या पाटीवर होतं आणि तिथेच ते शोभायचं. बाईंनी एकतीस वर्षं एका कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत काचसामान धुतलं. डाव्या खांद्यावर पांढरं सुती फडकं असल्याशिवाय त्यांना कुणी पाहिलं नव्हतं. नव्यानेच रुजू झालेल्या एका प्राध्यापकाने लोकांच्या तोंडून 'फडकेबाई, फडकेबाई' ऐकलं, ते आडनावच असणार असं धरलं आणि नोटीस बोर्डावर 'सौ. फडके यांच्याकडून परीक्षानळ्या घ्याव्यात' असं लिहून मोकळा झाला. बाईंनी नोटीस वाचली, बोर्डाची काच पुसली आणि कामाला लागल्या. दुरुस्ती करत बसायला वेळ कुणाला होता?

पुसणं हा त्यांचा स्वभावच होता. बसमध्ये बसण्याआधी सीट पुसायच्या, दुसऱ्याच्या घरी गेल्या की पाण्याचा ग्लास पुसायच्या आणि यजमानीणबाईंचं तोंड आंबट झालेलं दिसलं तरी पुसायच्या. पण कामात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. तडा गेलेलं चंचुपात्र त्या नखाने टिचकी मारून आवाजावरून ओळखायच्या. भांडं साबणाच्या, नळाच्या आणि शेवटी शुद्ध पाण्यातून काढायचं, मग जाळीवर पालथं घालायचं, आणि एक थेंब राहिला असेल तर कपाटात ठेवायचं नाही, ही त्यांची शिस्त. "ओलं भांडं कपाटात गेलं की दुसऱ्याचा प्रयोग बिघडतो," असं त्या नव्या पोरींना सांगायच्या, आणि सांगताना त्या पोरींनाही पुसून ठेवतील की काय असं वाटायचं.

अठ्ठावन्नाव्या वर्षी कॉलेजने निरोप समारंभ केला, घड्याळ दिलं आणि बाई घरी बसल्या. घर म्हणजे तिसऱ्या मजल्यावरची एक खोली. दोन शेगड्या, एक पलंग, एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी घातलेलं टेबल आणि रस्त्याकडे उघडणारी खिडकी. त्या खोलीत हात लांब केला की हवी ती वस्तू सापडायची आणि नको ते माणूस दाराबाहेर ठेवता यायचं. बाईंना याहून जास्त काही नको होतं.

मुलाला मात्र हवं होतं. तो शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायचा आणि आईने आता आपल्याकडे यावं असा त्याचा धोशा होता. त्याने घराची मागची खोली रंगवूनही घेतली.

"फिकट हिरवा दिलाय, आई. डोळ्यांना थंड."

"माझ्या डोळ्यांना काय झालंय?"

सून समजूतदार होती, म्हणजे खरं बोलायची. एकदा बाई आणि ती दोघीच असताना ती म्हणाली, "आई, राग मानू नका. तुम्ही मला आवडता. पण रोज नाही."

"मलाही तू आवडतेस," बाई म्हणाल्या, "रविवारी."

दोघींचं एकमत झालं, पण मुलापुढे हे बोलायचं कुणी? शेवटी बाईंनीच मुलाशी पैज लावल्यासारखा करार केला. मला कायमची नोकरी लागली तर मी माझ्या खोलीत राहणार. नाही लागली तर पावसाळ्याआधी तुझी फिकट हिरवी खोली. मुलाने लगेच हो म्हटलं. अठ्ठावन्न वर्षांच्या बाईला कायमची नोकरी कोण देतो, असा त्याचा हिशेब होता, आणि तो काही चुकीचा नव्हता.

दोन महिन्यांत बाईंनी सात ठिकाणी विचारलं. सात जणांनी वय विचारलं. आठवा होता गारठा.

गारठा म्हणजे बाजारामागच्या गल्लीतला फळांचा व्यापारी. आधी तो फ्रीज दुरुस्त करायचा. मग एका गिऱ्हाइकाने मोडकी शीतखोली त्याच्या गळ्यात मारली, ती त्याने चालू केली, आणि रिकामी कशाला ठेवायची म्हणून त्यात ब्लूबेरी भरल्या. बागांमधून क्रेट यायचे, टेबलावर निवड व्हायची, निवडलेल्या बेरी छोट्या डब्यांतून दुकानांना आणि हॉटेलांना जायच्या, उरलेल्या फ्रीझरमध्ये. माणूस मोजकं बोलायचा. त्यातला अर्धा भाग म्हणजे 'झकास'. टायर पंक्चर झालं की झकास. वीज गेली की झकास. माल उत्तम आला तरी झकासच. कुठला झकास कुठल्या अर्थाचा हे ओळखायला त्याच्याकडे काही वर्षं काढावी लागायची.

"बेरी निवडता येतात?" त्याने विचारलं.

"शिकवलंत तर येतील. मला काच निवडता येते."

"काचेचा इथे काय संबंध?"

"डोळा तोच लागतो. हातही हलकाच लागतो."

गारठाने त्यांच्या खांद्यावरच्या फडक्याकडे पाहिलं. "हंगामापुरतं ठेवतो. सहा आठवडे. काम पटलं तर कायम. नाव?"

"सगळे फडकेबाई म्हणतात."

"झकास," तो म्हणाला.

निवडीच्या टेबलावर त्यांच्यासमोर ड्रॉइंग मास्तर बसायचे. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले, सडपातळ, आणि रंगाच्या बाबतीत कुणाचं ऐकून न घेणारे. गारठाने त्यांना त्यासाठीच ठेवलं होतं. मास्तरांनी पहिल्याच सकाळी धडा दिला.

"डबा हलवा. सगळ्या घरंगळल्या?"

"घरंगळल्या."

"मग ठीक. चिकटून राहिल्या तर समजा आत एखादी फुटलीय. आता बूड बघा डब्याचं. डाग नाही ना? आता रंग. सगळीकडून गडद निळा पाहिजे. ही बघा, देठापाशी लाल आहे. बाजूला."

"पिकेल की दोन दिवसांत."

"नाही पिकत. झाडावरून उतरली की संपलं. रंग जरा गडद होईल, गोडी वाढणार नाही. जेवढी झाली तेवढीच."

"माणसांचंही तसंच असतं म्हणा."

"बाई, निवडा. तत्त्वज्ञान जेवणाच्या सुट्टीत."

बाई निवडायला लागल्या, आणि तिसऱ्या दिवशी मास्तरांपेक्षा भरभर निवडायला लागल्या. सुरकुतलेली, मऊ पडलेली, देठाच्या खळगीत ओल धरलेली बेरी त्यांच्या बोटांना न बघता कळायची. दोघांचं चांगलं जमलं. एक गोष्ट मात्र बाईंच्या डोळ्यांत सारखी खुपत होती. प्रत्येक बेरीवर पांढुरकी पावडर असायची, शाळेतल्या फळ्यावर हात टेकल्यावर बोटांना लागते तशी. हात शिवशिवायचे. पण टेबलावर हातमोजे घालावे लागायचे आणि फडकं खांद्यावरून उतरवायची सोय नव्हती. बाईंनी मनाशी ठरवलं की निवड झाल्यावर मास्तर डबे आतल्या खोलीत नेतात, तिथे धूत असतील. हे इतकं उघड होतं की त्यांनी विचारलं नाही. आणि मास्तरांना उलट बाजूने इतकं उघड वाटत होतं की त्यांनी सांगितलं नाही. आतल्या खोलीत ते डब्यांना फक्त झाकण लावायचे.

पाचव्या आठवड्यात मास्तरांची दाढ दुखायला लागली. एका सकाळी ते दातांच्या डॉक्टरकडे गेले आणि बाई दुकानात एकट्या राहिल्या. साडेआठला फोन वाजला. गारठा बागेत होता, वारा होता, आवाज तुटत होता.

"बाई, हॉटेलचे सहा क्रेट काल आलेत. उघडून बघा. भुरी आहे का?"

भुरी हा शब्द त्यांना लहानपणापासून माहीत होता. वडिलांनी परसात भोपळ्याचा वेल लावला होता, आणि एका वर्षी त्याच्या पानांवर पांढरी भुरी पडली. वडील रोज सकाळी ओलं फडकं घेऊन एकेक पान पुसायचे. वेल गेला तो गेलाच, पण पान पुसणारे वडील बाईंच्या डोळ्यांसमोरून गेले नाहीत. भुरी म्हणजे रोग. यात विचारण्यासारखं काय होतं?

त्यांनी क्रेट उघडले. टपोऱ्या, गोल, एकसारख्या बेरी, आणि एकूण एक बेरी पांढुरकी. गेल्या पाच आठवड्यांत इतकी पावडर त्यांनी कधी पाहिली नव्हती.

"आहे," त्या फोनवर म्हणाल्या. "सगळ्यांवर आहे. भरपूर."

"झकास," गारठा म्हणाला. "पाचला गाडी घेऊन येतो. माल तयार ठेवा."

आणि फोन बंद.

आता हा झकास कुठला, याचा बाईंनी क्षणभरच विचार केला. रोग पडलेल्या मालाला माणूस दुसऱ्या कुठल्या अर्थाने झकास म्हणेल? तयार ठेवा म्हणाला, म्हणजे साफ करून ठेवा. बाईंनी बाह्या सरसावल्या. हातमोजे काढले. खांद्यावरचं फडकं उतरवलं.

पुढचे चार तास त्या जितक्या सुखात होत्या तितक्या निवृत्तीनंतर कधी नव्हत्या. तीन पातेली मांडली. चाळणीत ओंजळभर बेरी घ्यायच्या, तीन पाण्यांतून काढायच्या, फडक्यावर अलगद लोळवायच्या. पावडर निघाली की आतून काळपट जांभळी, चकचकीत बेरी बाहेर यायची. बाई गुणगुणतही होत्या. साडेबाराला पाच क्रेट झाले. टेबलावर वीस किलो बेरी बुटाला पॉलिश केल्यासारख्या चमकत होत्या. सहाव्या क्रेटला हात घालणार तेवढ्यात मास्तर आले.

मास्तरांचा डावा गाल चेंडूएवढा होता आणि तोंडात कापसाचा बोळा. त्यांनी टेबलाकडे पाहिलं. मग बाईंच्या हातातल्या फडक्याकडे. मग परत टेबलाकडे.

"फुफलंफ?" ते म्हणाले.

"काय?"

"फुफ. लंफ?"

"पुसलं," बाई अभिमानाने म्हणाल्या. "धुतलंही. भुरी पडली होती सगळ्यांवर. मालकांनीच फोन करून सांगितलं."

मास्तर खुर्चीवर बसले. त्यांनी पॅकिंगचा एक पुठ्ठा ओढला, खिशातून पेन्सिल काढली आणि पाच रेघांत एक बेरी काढली. तिच्यावर हलक्या हाताने छाया दिली आणि बाजूला लिहिलं: 'ही तिच्या अंगचीच. भुरी असली म्हणजे ताजी. हा तिचा रेनकोट.' जरा थांबून खाली आणखी लिहिलं: 'तुम्ही काढलात.'

बाईंनी दोनदा वाचलं.

"भुरी म्हणजे रोग ना?"

मास्तरांनी मान हलवली. लिहिलं: 'वेलावर रोग. गारठा हिलाही भुरीच म्हणतो. शब्द त्याचा.'

"मग धुवायच्या कधी?"

'खायच्या आधी. ज्याने खायच्या त्याने.'

बाई खाली बसल्या. वीस किलो माल चमकत होता आणि प्रत्येक बेरी त्यांना आता पावसात उघडी पडल्यासारखी दिसायला लागली. हॉटेलचा आचारी असल्या बेरी दारातूनच परत पाठवणार. ओल्या बेरींना दोन दिवसांत बुरशी येणार. हंगामाचे दहा दिवस राहिले होते. बाईंच्या डोळ्यांपुढे फिकट हिरवी भिंत उभी राहिली. त्या भिंतीवर मुलाने मोठ्या प्रेमाने खिळा ठोकला असेल, निरोप समारंभातलं घड्याळ लावायला.

मास्तरांना त्यांचं तोंड पाहवलं नसावं. त्यांनी पुठ्ठ्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलं: 'माल असाच आला म्हणू. मी सांगतो.'

"तुम्हाला बोलता तरी येतंय का?" बाई म्हणाल्या. "आणि खोटं बोलायला कापसाचा बोळा घेऊन कोण जातं? द्या तो फोन."

गारठाने तिसऱ्या घंटेला उचलला.

"मालक, मी हॉटेलचे पाच क्रेट धुतले. पुसलेही. भुरी म्हणजे मला रोग वाटला. चूक माझी आहे. एक क्रेट शाबूत आहे."

गारठा म्हणाला, "झकास." हा कुठला झकास हे मात्र न सांगता कळत होतं. "ताजा म्हणून आता तो माल कुणी घेणार नाही. पिशव्यांत भरा आणि टाका फ्रीझरमध्ये. बाकीचं मी आल्यावर बोलू."

बाईंनी फ्रीझर उघडला. आतापर्यंत तिकडे जायची त्यांना वेळच आली नव्हती. आत मागच्या महिन्याच्या पिशव्या होत्या. एक उचलली. ती पिशवी कसली, वीट होती. बेरी, बर्फ आणि जांभळं पाणी सगळं एकजीव. तेव्हा बाईंना आठवलं, पलीकडच्या गल्लीतली केकवाली दर सोमवारी येते, असली पिशवी घेते आणि दारातच पायरीवर आपटते.

"या अशा का झाल्यात?"

मास्तरांनी बोळ्याआडून काहीतरी सांगितलं आणि हातांनी दाखवलं. उरलेल्या बेरी गारठा फ्रीझरमध्ये टाकताना स्वतः पिंपात बुडवून धुतो आणि तशाच पिशवीत ओततो. गिऱ्हाइकाला धुवायचा त्रास नको म्हणून.

"ओल्या?"

मास्तरांनी होकार दिला.

बाई ताठ उभ्या राहिल्या. गेल्या अर्ध्या तासात त्यांना पहिल्यांदाच आपल्याला कळणारी गोष्ट समोर दिसली होती. "ओलं भांडं कपाटात," त्या म्हणाल्या. "एकतीस वर्षं मी हेच सांगत आले. मास्तर, सगळी टेबलं जोडा. माझ्या हातून ओल्या झाल्यात, माझ्याच हातून कोरड्या होतील. मी असली वीट काही बनवणार नाही. नोकरी जायचीच असेल तर नीट काम करून जाऊ दे."

मग त्यांनी सुनेला फोन केला.

"घरातल्या सगळ्या सुती चादरी आण. धुतलेल्या. आणि दोन्ही टेबलफॅन."

"आई, नोकरी गेली का?"

"अजून नाही. पाचला जाईल असं दिसतंय."

सून पंचवीस मिनिटांत हजर झाली. एरवी तिला भाजी आणायला दीड तास लागायचा. तिने आत येऊन चादरींचा गठ्ठा टाकला, पदर खोचला आणि विचारलं, "काय करायचं ते सांगा. आमची ती खोली मी शिवणाच्या मशीनसाठी मनात धरून ठेवलीय, एवढंच सांगते."

टेबलांवर चादरी अंथरल्या. त्यावर बेरी एकेरी पसरल्या. पंखे लांबून लावले, जवळून लावले तर बेरी घरंगळत जमिनीवर जात होत्या. दर दहा मिनिटांनी चादरीची दोन टोकं धरून बेरी हलकेच इकडून तिकडे लोळवायच्या, म्हणजे खालची ओली बाजू वर येते. फुटलेल्या, दबलेल्या वेगळ्या काढायच्या. तेवढ्यात ट्रे कमी पडणार हे बाईंच्या लक्षात आलं आणि त्या तशाच ओल्या हातांनी केकवालीकडे गेल्या.

"तुमचे रिकामे ट्रे द्या. का ते विचारू नका."

"मी विचारणार," केकवाली म्हणाली. ट्रे तिने दिले, पण ट्रेबरोबर स्वतःही आली. दारातून तिने चादरी, पंखे, गाल सुजलेले मास्तर आणि पदर खोचलेली सून असा सगळा देखावा पाहिला. "बारसं आहे का कुणाचं?"

"बाराव्याची तयारी आहे. हात चालवा."

तिने चालवले. चौघांनी मिळून कोरड्या बेरी ट्रेवर मांडल्या, एकीला दुसरी टेकणार नाही अशा. "अंतर ठेवा," बाई फिरून फिरून सांगत होत्या. "गोठताना एकीचा हात दुसरीने धरला की सोडत नाहीत." मास्तर तर रांगा लावायला लागले, तिरप्या, मग उलट तिरप्या. बाईंनी एकदा डोळे वटारले, पण नक्षी चांगली होती म्हणून सोडून दिलं. साडेचारला सगळे ट्रे फ्रीझरच्या फळ्यांवर गेले.

पाचला गारठा आला. एक क्रेट गाडीत टाकला, हॉटेलला फोन लावून उरलेल्यांसाठी दोन दिवस मागून घेतले, आणि मग दुकानाच्या मधोमध उभा राहून चादरींकडे बघत राहिला.

"पिशव्यांत भरा म्हणालो होतो."

"गोठल्यावर भरणार आहे," बाई म्हणाल्या. "ओला माल मी बंद करत नाही."

"आणि हे सगळं कोण?"

"माझी सून. ही तुमची गिऱ्हाईक. मास्तर तुम्हाला माहीत आहेत, गाल नवा आहे."

गारठाच्या तोंडून झकाससुद्धा निघाला नाही. "उद्या सकाळी बघू," एवढं बोलून तो गेला. हे वाईट लक्षण आहे की बरं, यावर मास्तरांनी पुठ्ठ्यावर काही लिहायला घेतलं होतं, पण बाईंनी पेन्सिल काढून घेतली.

दुसऱ्या दिवशी बाई तासभर आधी आल्या. त्यांनी पहिला ट्रे बाहेर काढला, कान जवळ नेला आणि ट्रे जरासा तिरपा केला.

टण. टण. टणटण.

एकही बेरी दुसरीला चिकटली नव्हती. काचेच्या गोट्यांसारख्या सगळ्या सुट्या घरंगळल्या. बाईंनी डोळे मिटून तो आवाज परत एकदा ऐकला. तडा नव्हता.

गारठा आला तेव्हा त्या पिशव्या भरत होत्या. पिशवी भरायची, हाताने दाबून आतली हवा घालवायची, तोंड बंद करायचं, तारीख लिहायची. लगबगीने, कारण बाहेर राहून बेरींना घाम फुटला की पुन्हा तीच वीट. पाठोपाठ केकवाली आली. तिचा सोमवार नव्हता, पण घरी तिला चैन पडलं नव्हतं. तिने न विचारता एका पिशवीत हात घातला, मूठभर बेरी काढल्या, आठ परत टाकल्या आणि मूठ गारठाच्या नाकापुढे उघडली.

"दोन वर्षं मी तुमची वीट फोडतेय," ती म्हणाली. "चार केकला लागणाऱ्या बेरींसाठी अख्खी पिशवी वितळवायची, आणि मग पिठाचा रंग जांभळा. गिऱ्हाईक विचारतं, वांगं घातलंय का. आज मला मूठभर हव्या होत्या तर मूठभर मिळाल्या. अशाच गोठलेल्या पिठात टाकल्या की रंग सुटत नाही. तुम्ही फ्रीजवाले ना? तुम्हाला हे कळू नये?"

"फ्रीज थंड करायचं काम करतो," गारठा पुटपुटला. "कोरडं करायचं कुणी सांगितलं नाही."

"आता सांगितलंय," बाई म्हणाल्या.

"या सगळ्या मी घेतेय," केकवाली म्हणाली. "आणि पुढेही दर आठवड्याला, पण या बाई करणार असतील तर. तुम्ही करणार असाल तर मी आपली वांगी घेईन."

गारठाने एक बेरी उचलली. टेबलावर टाकली. ती टण वाजली आणि पार भिंतीपर्यंत गेली. त्याने आणखी एक टाकली. मोठ्या माणसाला खेळताना पाहिलं की बाईंना अवघडल्यासारखं व्हायचं, म्हणून त्या पिशवीवर तारीख लिहीत राहिल्या.

"बाई, हंगाम संपला तरी फ्रीझर बारा महिने चालतो," तो शेवटी म्हणाला. "तो तुमचा. कायम."

बाईंचं पेन थांबलं.

"पण एक अट आहे," गारठा शीतखोलीच्या दाराकडे गेला, कपाटातून हातोडी काढली आणि चौकटीवर एक जाड खिळा ठोकला. "ताज्या मालाच्या खोलीत जाताना फडकं इथे काढून ठेवायचं. खांद्यावरून. रोज."

"आणि फ्रीझरच्या खोलीत?"

"तिथे दहा न्या."

मग त्याने टेबलाच्या खणातून कायम कामगारांची वही काढली, मास्तरांच्या नावाखाली रेघ मारली आणि ठळक अक्षरात लिहिलं: फडके. बाईंनी ते वाचलं. क्षणभर त्यांच्या तोंडावर खरं आडनाव आलं होतं. पण त्यासाठी मुलाच्या पाटीपर्यंत जायची गरज नव्हती. नोकरी ज्या नावाने लागली त्या नावानेच राहू दे. त्यांनी वहीचं पान फुंकलं, शाई वाळली की नाही बघितलं आणि मगच मिटली.

पावसाळा तोंडावर आला म्हणून रविवारी मुलगा टेम्पो ठरवून सामान न्यायला आला. त्याला कुणी काही सांगितलंच नव्हतं. सून म्हणाली की आईंनी सांगितलं असेल असं वाटलं, आणि बाई म्हणाल्या की सुनेने सांगितलं असेल असं वाटलं. दोघी एकमेकींकडे बघतही नव्हत्या. मुलगा रिकाम्या खोक्यांवर बसला, नोकरीची हकिगत ऐकली, आणि मग त्याने फक्त एकच प्रश्न विचारला.

"मग त्या हिरव्या खोलीत काय ठेवायचं?"

"चांगली खोली आहे," बाई म्हणाल्या. "डोळ्यांना थंड. शिवणकामाला बरी."

सून खिडकीतून रस्ता बघत होती. तिच्या पाठीवरूनसुद्धा ती हसतेय हे कळत होतं. टेम्पोवाल्याला बाईंनी चहा दिला. कप आधी पुसून.

पहिले काही दिवस खिळ्यावर फडकं टांगून बाई शीतखोलीत शिरल्या की त्यांचा उजवा हात आपोआप डाव्या खांद्याकडे जायचा आणि रिकामा परत यायचा. मास्तर ते बघायचे. त्यांचा गाल आता उतरला होता आणि बोलणं पूर्वीसारखं सुरू झालं होतं, त्यामुळे त्या हाताबद्दल ते रोज एक तरी वाक्य बोलायचे. बाईंनीही रोज एक तरी परत दिलं.

हंगाम संपता संपता एका सकाळी फोन वाजला. वारा होता, आवाज तुटत होता.

"बाई, नवे क्रेट उघडलेत का? भुरी आहे का?"

बाईंनी वाकून पाहिलं. प्रत्येक बेरीवर पांढुरका रेनकोट, गळ्यापर्यंत बटणं लावलेला. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले होते. फोन खांदा आणि कानाच्या मध्ये होता, जिथे एरवी फडकं असायचं.

"आहे. भरपूर."

"झकास."

"कुठला?" बाईंनी विचारलं. पण फोन बंद झाला होता.